कथेला तीन तासांचा पेपर नको, खर्ड्यांची वही हवी

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,

स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने आपल्या विद्यापीठांतील पदवी आणि पदव्युत्तर मराठीचे अभ्यासक्रम एकामागून एक नव्याने बांधले जात आहेत आणि त्यांत ‘कथालेखन’, ‘सर्जनशील लेखन’ अशा नावांच्या अभ्यासपत्रिका दिसू लागल्या आहेत. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात गेली एकोणीस वर्षे मराठी शिकवणारी, आणि त्यांतली शेवटची सहा वर्षे अशीच एक पत्रिका हाताळणारी शिक्षिका म्हणून मला या बदलाचा आनंद आहे आणि त्याहून अधिक धास्ती आहे. पत्रिकेचे नाव बदलले पण परीक्षा जुनीच राहिली, तर वर्गातही जुनेच चालू राहते, हे आपल्याला सांगायला नको. माझी विनंती एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. कथालेखनाची पत्रिका प्रात्यक्षिकाची पत्रिका म्हणून मान्य करावी, तिची तीन तासांची लेखी परीक्षा काढून टाकावी, आणि विद्यार्थ्याने एकाच कथेचे सत्रभर केलेले खर्डे हे तिच्या मूल्यमापनाचे मुख्य साधन मानावे.

आज ही परीक्षा कशी होते, हे आपल्यापैकी अनेकांनी प्रश्नपत्रिका काढून पाहिले असेल. पहिला प्रश्न ‘कथेचे घटक सविस्तर स्पष्ट करा’ असा असतो. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, निवेदन आणि भाषाशैली ही नावे विद्यार्थी बारावीपासून पाठ करून आलेला असतो, कारण ‘युवकभारती’ या बारावीच्या पाठ्यपुस्तकातही कथेचा साहित्यप्रकार म्हणून परिचय करून देणारा स्वतंत्र विभाग आहे. मग टिपा येतात. शेवटी ‘खालील मुद्द्यांच्या आधारे कथा लिहा व तिला समर्पक शीर्षक द्या’ हा प्रश्न येतो, जो दहावीच्या उपयोजित लेखनातला आहे आणि तिथून तो फारसा हललेला नाही. काही मुले सवयीने शेवटी तात्पर्यही लिहितात. एम. ए.च्या एका उत्तरपत्रिकेत ‘तात्पर्य : गर्वाचे घर खाली’ हे वाचून मला आधी हसू आले आणि मग ते ओसरले, कारण आम्ही जे मागितले होते तेच त्या मुलाने इमानदारीने दिले होते. पाऊण तासात, वर न पाहता, खाडाखोड न करता लिहिलेली गोष्ट. खाडाखोड केली तर अक्षराचे गुण जातात, अशी भीती शाळेपासून मनात बसलेली. कथालेखनाच्या परीक्षेत खोडण्याची भीती वाटावी, याहून विपरीत गोष्ट मला दुसरी दिसत नाही.

एका विद्यार्थिनीच्या कथेचे काय झाले, ते थोडे सविस्तर सांगते. तिचे नाव सांगणार नाही. प्रसंग सांगण्याला मात्र तिची संमती आहे. तिचे आई-वडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर गाव सोडायचे, कारखान्याच्या हद्दीत कोपी, म्हणजे झोपडी, बांधून राहायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे, अशी तिची प्राथमिक शाळेची वर्षे गेलेली होती. तिने आणलेल्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी होती : ‘पहाटेची रम्य वेळ होती. पूर्वेला तांबडे फुटले होते. पक्ष्यांचा किलबिलाट चालू होता. अशा प्रसन्न वातावरणात सखूबाई ऊस तोडायला निघाली.’ पाने अकरा. त्यांत मुकादमाचा जुलूम होता, उचल फिटत नव्हती, आई आजारी पडत होती आणि शेवटी ‘या अन्यायाला वाचा कोण फोडणार?’ असा सवाल होता.

वर्गात तिच्यासारखीच घरची पार्श्वभूमी असलेला एक मुलगा होता. तो म्हणाला, ‘मॅडम, तोडीला निघताना तांबडं फुटलेलं नसतंय. अंधार असतोय, आन् थंडीनं बोटं वळत नसतात.’ ती मुलगी चटकन म्हणाली, ‘मला काय माहीत नाही का?’ माहीत होतेच. पण ‘कथा’ म्हटल्यावर तिच्या हाताने तिच्या स्वतःच्या पहाटेऐवजी पाठ्यपुस्तकातली पहाट उचलली होती. हे तिचे अपयश मानू नये; इतक्या वर्षांच्या शालेय निबंधांचे ते फळ आहे, आणि ते निबंध आपणच तपासले आहेत.

चौथ्या पानावर एक वाक्य होते : ‘गाडी भरताना मी मोळ्या मोजत असे.’ त्यापुढे पुन्हा मुकादम सुरू होत होता. आम्ही तिथे थांबलो. कशाला मोजायची? तिने सांगितले की टोळीतल्या कोणत्या कोयत्याच्या किती मोळ्या गाडीत चढल्या, याचा हिशेब ठेवावा लागे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे शहरातून आलेल्या दोन मुलांना त्या दिवशी कळले. टोळीत अक्षरओळख असलेली ती एकटीच, तिसरीतली. म्हणून मोजणी तिच्याकडे. आणि एकदा वडिलांनी तिला मोळी वाहता वाहता हळूच सांगितले होते की आपल्या दोन जास्त धर. वर्गात कोणी काही बोलले नाही. मग त्याच मुलाने विचारले, ‘धरल्या का तू?’ ती गप्प राहिली आणि म्हणाली, ‘ते लिहिते.’

चौथ्या खर्ड्यात कथा सहा पानांची झाली. रम्य पहाट गेली, सखूबाई गेली, शेवटचा सवालही गेला. मुकादम राहिला, पण तो जुलमी न राहता नुसताच विडी ओढत उभा राहिलेला, आणि म्हणूनच अधिक भीतिदायक असा झाला. पहिले वाक्य आता असे होते : ‘मला शंभरापर्यंत मोजता यायचं, म्हणून मला गाडीजवळ उभं केलं.’

या एका वाक्यावर वर्गाचे दोन तास गेले. काहींचे म्हणणे, ‘शंभरापर्यंत’ कशाला, ‘शंभरापातुर’ लिही. ती मुलगी तसेच बोलत असणार. काहींचे म्हणणे, मग सगळे निवेदनच बोलीत हवे. तिने आठवडाभर दोन्ही प्रकारे लिहून पाहिले आणि ठरवले की सांगणारी आज मोठी झालेली, शिकलेली बाई आहे, तिच्या तोंडी ‘पर्यंत’च येणार, पण फडात उभी असलेली ती आठ वर्षांची पोर जेव्हा बोलेल तेव्हा ‘पातुर’च म्हणेल. त्या दोन शब्दांमधले अंतर हेच त्या कथेतले अंतर होते. ‘निवेदक म्हणजे काय?’ या टिपेला चार गुण मिळतात. ही टीप मी अनेक वर्षे शिकवली आहे आणि त्या दोन तासांत वर्गाला निवेदक जितका कळला तितका माझ्या टिपेतून कधीही कळलेला नव्हता, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

आता पुढचे. सत्राच्या अखेरीस प्रकल्प म्हणून हीच कथा बाह्य परीक्षकांकडे गेली. परत आली तेव्हा ‘पातुर’, ‘आन्’, ‘वाढं’ (उसाचे शेंडे) या शब्दांभोवती लाल वर्तुळे होती आणि समासात शेरा होता : ‘प्रमाणभाषेचा वापर अपेक्षित.’ पन्नासपैकी एकवीस गुण. त्याच तुकडीतल्या एका मुलाने ‘मैत्रीचे मोल’ या नावाची, अगदी स्वच्छ अक्षरात लिहिलेली आणि मला खात्री आहे की संगणकाकडून लिहवून घेतलेली गोष्ट दिली होती. तिला अडतीस गुण मिळाले. परीक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे गठ्ठा होता, निकष दिलेले नव्हते आणि एका कथेमागचे चार खर्डे त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. दोष आपण आखलेल्या पद्धतीचा आहे, आणि ती बदलण्याचा अधिकार आपल्या मंडळांकडे आहे म्हणूनच हे पत्र आपल्याला आहे.

‘लेखक घडवता येत नाही, तो जन्मावा लागतो’ असे उत्तर मला बैठकांतून अनेकदा मिळाले आहे. बहुतेक वेळा ते उत्तर देणारे साहित्यशास्त्र शिकवणारे असतात, याची मला मौज वाटते. काव्यहेतू, म्हणजे काव्य कशामुळे निर्माण होते हे, शिकवताना ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाची कारिका आपण सगळेच फळ्यावर लिहितो : शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा, लोक-शास्त्र-काव्य यांच्या अवलोकनातून येणारी निपुणता, आणि ‘काव्यज्ञशिक्षयाभ्यास’. तिसऱ्या पदाचा अर्थ आपण विद्यार्थ्यांना नीट समजावून सांगतो की काव्य जाणणाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा पुन्हा केलेला सराव. आणि मग वर्ग संपतो. मम्मटाने तिन्ही मिळून एकच हेतू मानला आहे. त्यातला पहिला विद्यापीठाच्या हातात नाही हे मान्य, पण उरलेल्या दोहोंपैकी ज्याला त्याने स्पष्टच ‘शिक्षा’ म्हटले आहे तोही आपण सोडून द्यावा, याला आधार कुठला?

संस्कृत साहित्यशास्त्रकार राजशेखर तर याहून पुढे जातो. दहाव्या शतकाच्या आसपासच्या ‘काव्यमीमांसे’त कवीच्या दिनचर्येचे एक प्रकरण आहे. त्यात दिवसाचा एक भाग लिहिण्याचा आहे, एक काव्यगोष्ठीचा आहे, आणि चौथा भाग सकाळी लिहिलेले तपासण्याचा आहे. एकट्याने किंवा ‘परिमित परिषदे’त, म्हणजे मोजक्या माणसांसमवेत. त्या तपासणीत काय करायचे तेही त्याने सांगितले आहे. जास्तीचे टाकायचे, कमी पडले असेल ते भरायचे, जागा चुकलेले हलवायचे, विसरलेले जोडायचे. पुनर्लेखनाची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्या परदेशी पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. कार्यशाळा ही अमेरिकेतून आणलेली चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही ‘परिमित परिषद’ एकदा पाहावी. आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये लेखकांची कार्यशाळा सुरू झाली आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० मध्ये सर्जनशील लेखनाचा एम. ए. सुरू झाला, हे खरे. त्यांच्याकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. पण त्या पद्धतीने सगळ्यांच्या कथा एकाच घाटाच्या होतात, अशी तक्रार तिथलेच लोक करतात, म्हणून त्यांचा आराखडा उचलून आपल्याकडे लावा असे मी म्हणत नाही.

आपल्याकडे कथेच्या ‘तंत्रा’विषयी जी अढी आहे, तिला मात्र कारण आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. ना. सी. फडके यांनी तंत्राचा आग्रह धरला आणि सुरुवात, गुंफण, उत्कर्षबिंदू, कलाटणी यांची एक चौकट वाचकांच्या आणि होतकरू लेखकांच्या मनात पक्की बसवली. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने ती चौकट मोडली. विद्यापीठांनी हा इतिहास शिकवला, आणि शिकवता शिकवता त्यातून एक चुकीचा धडा घेतला : तंत्र म्हणजे फडके, फडके म्हणजे कृत्रिमता, म्हणून तंत्राबद्दल बोलणेच गैर. वास्तविक नवकथाकारांनी तंत्र सोडले नव्हते, त्यांनी ते पार बदलले होते. माडगूळकरांच्या माणदेशी कथांत एकही वाक्य जास्तीचे सापडत नाही, ते आपोआप झालेले नाही. पण आम्ही विद्यार्थ्यांना ‘नवकथेची वैशिष्ट्ये’ पाच मुद्द्यांत देतो आणि एक परिच्छेद घेऊन त्यातले कोणते वाक्य काढले तर काय बिघडते, हे कधी करून पाहत नाही.

मग मराठी कथालेखक शिकले कुठे? मासिकांच्या कचेऱ्यांत. गिरगावातल्या खटाववाडीत संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथे’साठी आलेल्या कथांवर लेखकांना लिहिलेली पत्रे, साभार परत आलेली कथा पुन्हा लिहून पाठवण्याची केलेली सूचना, दुसऱ्या खर्ड्यावर पुन्हा केलेली चर्चा ही मराठीतली खरी ‘काव्यज्ञशिक्षा’ होती. तिकडे औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी लिहीत होते अशा दलित लेखकांना हात दिला, मेळावे भरवले, लिहिते केले. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. दिवाळी अंक आहेत, १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची ती परंपरा आजही कथेचे मोठे आश्रयस्थान आहे, पण कथा पावसाळ्यात मागवायची आणि अंक दसऱ्याच्या सुमारास छापून घ्यायचा, या घाईत संपादकाने लेखकाला ‘तिसरे पान पुन्हा लिहा’ असे पत्र पाठवण्याचे दिवस फारसे उरलेले नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पुस्तक छापायला मदत करते. ते छापण्याआधी तीनदा लिहून घ्यायला कोण मदत करणार?

इथे विद्यापीठाचा प्रश्न येतो, आणि मला तो न्यायाचा वाटतो. मासिकाचा संपादक निवड करतो. तो त्याचा अधिकारच आहे. ‘सत्यकथे’च्या दारातून सर्वांना सारखा प्रवेश नव्हता, हे साठोत्तरी काळातल्या लघुनियतकालिकांच्या तरुणांनी पुरेसे मोठ्याने सांगितले आहे. शहरात होणाऱ्या खाजगी कार्यशाळांचे शुल्क असते आणि त्या शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईत असतात. मोळ्या मोजणारी ती मुलगी या दोन्ही ठिकाणी पोहोचली नसती. ती पोहोचली माझ्या वर्गात, कारण तिच्या तालुक्यात कला शाखेला मराठी विषय होता, प्रवेश सोपा होता आणि शिष्यवृत्ती मिळत होती. हे एकच दार असे आहे की जिथे आधी नमुना पाठवून निवड व्हावी लागत नाही. त्या दारातून आत आलेल्याला आम्ही घटकांची यादी देऊन परत पाठवतो.

आता व्यवहाराचे बोलते, कारण मंडळाच्या बैठकीत प्रश्न तिथेच अडतो. नव्या रचनेत एका श्रेयांकाला (क्रेडिटला) सिद्धान्ताच्या १५ आणि प्रात्यक्षिकाच्या ३० तासिका धरल्या जातात. कथालेखनाच्या चार श्रेयांकांच्या पत्रिकेत दोन श्रेयांक सिद्धान्ताचे आणि दोन प्रात्यक्षिकाचे ठेवले, तर ३० आणि ६० अशा ९० तासिका मिळतात. साठ जणांच्या वर्गात कार्यशाळा होत नाही, ती पंधराएक जणांच्या तुकडीतच होते; म्हणून प्रात्यक्षिकाला तुकड्या मंजूर झाल्या पाहिजेत आणि त्यांचा कार्यभार धरला गेला पाहिजे. समोरच्या इमारतीत रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा मिळते, तुकडी मिळते, प्रयोगाचे जर्नल असते, जर्नलवर प्रत्येक आठवड्याला सही होते आणि प्रमाणित जर्नल असल्याखेरीज त्याला परीक्षेला बसता येत नाही. तिथे कोणी म्हणत नाही की रसायनशास्त्रज्ञ जन्मावा लागतो. आम्हाला काचसामान नको, गॅस नको. एक खोली, गोलाकार मांडता येतील अशा खुर्च्या आणि झेरॉक्सचा खर्च एवढेच मागणे आहे. कार्यभाराचे लिहिताना हात आखडतो, कारण राज्यात मराठीचे कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर काम करीत आहेत आणि जादा तास म्हटले की ते कोणाच्या गळ्यात पडतात हे मला माहीत आहे. तुकडी मान्य झाली तर त्या तासांचे मानधनही मान्य झाले पाहिजे. ते होणार नसेल, तर माझी विनंती मागे घेतलेली बरी.

जर्नलच्या धर्तीवर कथेची वही असावी. सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्याने एक कथा धरावी आणि शेवटपर्यंत तीच लिहीत राहावी. पहिला खर्डा, त्यावर वर्गात झालेल्या चर्चेचे त्याने स्वतः केलेले टिपण, दुसरा खर्डा, काय बदलले आणि का याचे अर्ध्या पानाचे निवेदन, आणि असे चार-पाच वेळा. शंभरांपैकी निदान साठ गुण या वहीला असावेत. वीस गुण त्याने इतरांच्या कथांवर लिहिलेल्या टिपणांना द्यावेत, कारण दुसऱ्याच्या कथेत नेमके कुठे लक्ष सुटले हे ज्याला दाखवता येते त्याला स्वतःच्या कथेतही ते हळूहळू दिसू लागते. राहिलेले वीस वाचनाचे : ठरवून दिलेल्या दहा-बारा कथा मुळातून वाचल्या आहेत की गाईडातून, हे दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत कळते. पूर्ण झालेल्या कथेला वेगळे गुण देऊच नयेत, असे माझे मत आहे. मी सहा वर्षे ते गुण दिले आहेत आणि त्यांतल्या निदान दोन कथांना मी अन्याय केला, असे आता वाटते. कथा चांगली की वाईट यावर दोन परीक्षकांचे एकमत होणार नाही, झाले तर शंका घ्यावी. पण विद्यार्थ्याने पहिल्या खर्ड्यातले काय ओळखले आणि त्याचे काय केले, यावर एकमत होऊ शकते.

चॅटजीपीटीसारख्या साधनांमुळे जी पंचाईत झाली आहे, तिलाही यातून वाट मिळते. तयार कथा आज कोणालाही दोन मिनिटांत मिळते आणि तिच्यात शेवटी डोळ्यांत पाणी हमखास तरळते. पण वर्गात विचारलेल्या ‘धरल्या का तू?’ या प्रश्नानंतरचा खर्डा यंत्राकडून आणता येत नाही, कारण तो प्रश्न यंत्राला ऐकूच आलेला नसतो. वहीत चार खर्डे आणि त्यांच्यामधली टिपणे असतील, तर शिक्षकाला हेरगिरी करावी लागणार नाही.

वर्गातल्या एका नियमाचाही उल्लेख करते, कारण तो आम्हाला अनुभवाने सापडला. कथा लेखकाने स्वतः वाचायची नाही. दुसऱ्याने वाचायची आणि लेखकाने ऐकायची. शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर यांच्या कथाकथनाने महाराष्ट्राला कथा ऐकायची गोडी लावली, पण आमच्या मुलांना त्यातून असेही वाटू लागले की आवाज लावला की कथा होते. स्वतःची कथा वाचताना प्रत्येक जण कच्च्या जागी आवाज चढवतो. दुसरा वाचू लागला की तो त्या जागी अडखळतो, आणि लेखक खाली मान घालून तिथे पेन्सिलीने खूण करतो.

शिकवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाने कथाकार असावे अशी अपेक्षा नाही. चांगला, सावकाश वाचणारा शिक्षक हे काम करू शकतो. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे आपल्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाला शिकवायला नेमण्याची, जी तरतूद केली, तिच्यात उल्लेखिलेल्या क्षेत्रांत साहित्यही आहे आणि तिथे नेट किंवा पीएच. डी.ची सक्ती नाही. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या संस्था तिचा उपयोग करू लागल्या आहेत. आपल्या जिल्ह्यात पंचवीस वर्षे कथा लिहिणारा एखादा ग्रामसेवक, एखादी निवृत्त परिचारिका असते. आपण त्यांना मराठी भाषा गौरव दिनाला शाल-श्रीफळ देतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत पाठवतो.

एक विनंती रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठालाही आहे. जिथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी चक्रधरांच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन त्या मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या, तिथे हे विद्यापीठ उभे राहत आहे. चार-सहा वाक्यांत माणसे, जागा आणि बोलणे उभे करणारे ते गद्य आजही कथा लिहिणाऱ्याने हात फिरवून पाहावे असे आहे. नव्या विद्यापीठावर जुन्या प्रश्नपत्रिकांचे ओझे नाही. कथालेखनाचा पूर्ण दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे सुरू झाला, तर बाकीच्या मंडळांना बोट दाखवायला एक ठिकाण होईल.

ती मुलगी आता एका आश्रमशाळेत शिकवते. तिने कथेचा पाचवा खर्डा निकालानंतर लिहिला, ज्याचे कोणी गुण देणार नव्हते, आणि वहीसकट मला आणून दिला. शेवट पुन्हा बदलला आहे. आधीच्या खर्ड्यात तिने दोन मोळ्या जास्त धरल्या होत्या. आता ती मोजता मोजता ब्याऐंशीवर येऊन थांबते, वडील मोळी खांद्यावर घेऊन उभे असतात, आणि कथा तिथेच संपते. आपल्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घेतला आणि मला बोलावले, तर स्वखर्चाने येईन आणि येताना ती वही घेऊन येईन. पाचही खर्डे ओळीने वाचायला साधारण पाऊण तास लागतो. तेवढा वेळ राखून ठेवावा, ही विनंती.

कळावे.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातील मराठीची एक प्राध्यापिका